आमच्या घरातली दोन बायबलं

आमच्या घरी दोन बायबलं आहेत. एक माझं, नगरहून आलेलं, सहासष्ट पुस्तकांचं. दुसरं नवऱ्याचं, वसईचं, त्र्याहत्तर पुस्तकांचं. टोबित, मक्काबी वगैरे सात पुस्तकं त्यांच्याकडे जास्त. लग्नानंतर सामान लावताना दोन्ही एकाच फळीवर ठेवली, तेव्हा नवरा म्हणाला, "तुमचं जरा बारीक दिसतंय." मी म्हटलं, "आम्ही निवडून घेतलंय." या विषयावरचं आमचं एवढंच भांडण. बाकीची भांडणं भाजीत मीठ, लाइटचं बिल आणि त्याच्या शर्टांची इस्त्री यावर झाली, जशी सगळ्यांची होतात.

मी प्रॉटेस्टंट, तो कॅथलिक. मुंबईत एका बँकेत आम्ही दोघं नोकरीला होतो, तिथेच ओळख झाली. लग्न ठरल्याचं कळल्यावर बँकेतले लोक म्हणायचे, "तुमचं बरं आहे बाई, दोघंही ख्रिश्चन. घरातून काही विरोध नसेल." मी हसून पेढे पुढे करायची. घरात काय चाललं होतं ते त्यांना कुठून कळणार?

नगरच्या ख्रिस्ती घरात वाढलेल्या माणसाचा एक ताठा असतो, तो आधी सांगायला हवा. अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली नगरला आलं. 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ साली नगरलाच निघालं. नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई आमच्या घरात नातलगांसारखे वावरायचे. टिळकांची पदं आम्ही पाढ्यांच्याही आधी पाठ केली. आमची उपासना म्हणजे पेटी, तबला, झांजा आणि तासभराचा उपदेश. भिंतीवर एक साधा क्रूस. मूर्ती नाही, मेणबत्त्यांची आरास नाही. बाजारात ओळखीचं कुणी भेटलं की 'सलाम', नाहीतर 'जय ख्रिस्त'. आडनावं गायकवाड, साळवे, कांबळे अशी. मिशनच्या शाळा, मिशनचा दवाखाना, मिशनची आळी. आपण शिकलेले ख्रिस्ती, बायबल वाचणारे ख्रिस्ती, आणि कॅथलिक म्हणजे माळ ओढणारे, अशी आमच्याकडे समजूत. वास्तविक नगर जिल्ह्यातच कॅथलिकांची गावंच्या गावं आहेत. सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीची यात्रा भरते, तिला सगळ्या जातिधर्मांची माणसं लोटतात. पण आमच्या आळीतून कुणी गेलंच तर घरी न सांगता. (आता गावाचं नाव अहिल्यानगर झालं आहे. माझ्या तोंडी मात्र नगरच येतं.)

वसईचा ताठा वेगळा. पोर्तुगीज तिथे १५३४ साली आले. १७३९ साली चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले, पण देवळं राहिली आणि माणसंही राहिली. हो, तिथे चर्चला देऊळच म्हणतात. गोन्सालो गार्सिया हा त्यांच्या मातीतला संत १५९७ साली जपानात क्रूसावर मारला गेला. तेव्हा आमच्या नगरला ख्रिस्ती धर्माचा पत्ताही नव्हता. सासरे एकदा सहज म्हणाले, "तुमचं मिशन आलं तेव्हा आमच्या घरात आठवी पिढी मिस्सा ऐकत होती." मी मनात हिशोब करून पाहिला. तसा फार चुकीचा नव्हता.

लग्नाच्या वेळी पहिल्यांदा कळलं की हा दोन घरांमधला मामला नाही, दोन कार्यालयांमधला आहे. कॅथलिक मुलानं प्रॉटेस्टंट मुलीशी लग्न करायचं तर बिशपांची परवानगी लागते. कॅथलिक पक्षाला लिहून द्यावं लागतं की होणाऱ्या मुलांना कॅथलिक श्रद्धेत वाढवण्यासाठी मी माझ्याकडून होईल ते सगळं करीन. मला सही करायची नव्हती, पण हे माझ्या कानावर घातलं आहे याची नोंद झाली. पप्पांना हे भयंकर लागलं. ते मिशनच्या शाळेत मास्तर होते, निवृत्तीनंतरही त्यांचा लाल पेन्सिलीचा हात गेला नव्हता. म्हणाले, "म्हणजे आपली नातवंडं आधीच लिहून दिली." एक गोष्ट मात्र त्यांना सुखावून गेली. माझा पुन्हा बाप्तिस्मा करावा लागला नाही. मंडळीच्या रजिस्टरातला नगरचा दाखला देवळाच्या ऑफिसात दिला, फादरांनी तो वाचला, फायलीला लावला, संपलं. पप्पांनी दोनतीनदा विचारलं, "नक्की काही म्हणाले नाहीत?" पाणी एकच धरलं जातं, याचा त्यांना पुढे कित्येक दिवस अचंबा वाटत होता.

कागदाचं असं मार्गी लागलं. स्वयंपाकघरातलं लागायला वेळ गेला.

माझ्या सासरचे लोक कुपारी. घरात सामवेदी बोली. पहिले काही महिने मला निम्मं कळायचं नाही. मराठी असून परक्या मुलखात आल्यासारखं व्हायचं. पलीकडच्या गावात वाडवळ, त्यांची बोली निराळी. किनाऱ्याला कोळी, त्यांची आणखी निराळी. सगळे कॅथलिक, रविवारी एकाच मराठी मिस्साला उभे राहणारे, आणि घरी परतल्यावर आपापल्या बोलीत भांडणारे. ही मराठी मिस्साही तशी अलीकडचीच. १९६२ ते ६५ची दुसरी व्हॅटिकन परिषद होईपर्यंत मिस्सा लॅटिनमध्ये चालायची. सासूबाईंना लहानपणची लॅटिन उत्तरं अजून पाठ होती. अर्थ विचारला की म्हणायच्या, "देवाला कळतो ना, मग झालं."

तर त्या स्वयंपाकघरात, लग्नानंतर पहिल्याच नाताळाच्या करंज्या भरताना, सासरच्या एका वयस्क बाईंनी मला विचारलं, "पण तुम्ही मूळचे कोण?" हातातली करंजी तशीच ठेवून सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. प्रश्न कुठला आहे ते मला कळलं होतं. कुपारी समाजात आपण मूळचे सामवेदी ब्राह्मण असं पिढ्यान्पिढ्या सांगतात. नगरची ख्रिस्ती मंडळी बहुतेक महार-मांग घरांतून आली. मी म्हटलं, "मूळचे महार. माझे पणजोबा वेशीबाहेर राहायचे. मिशनच्या शाळेत बसायला मिळालं म्हणून ख्रिस्ती झाले." कुणी काही बोललं नाही. सासूबाईंनी सारणाचा वाडगा माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाल्या, "भर लवकर, तेल तापलंय." मला त्या दिवशी तेवढं पुरलं.

पण नगरकरांना मोकळं सोडण्यात अर्थ नाही. आमच्याकडे महारांतून आलेले मांगांतून आलेल्यांना मुली देताना आजही दहादा विचार करतात, आणि हे सगळे एकाच बाकावर बसून एकाच पेल्यातून प्रभुभोजन घेणारे. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातींची यादी हिंदूंपुरती ठेवली. पुढे शीख आणि बौद्ध तिच्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत. म्हणजे सरकारच्या लेखी आम्हाला ती जात नाही. माझ्या चुलतभावाला शिष्यवृत्तीच्या खिडकीवर हे ऐकवलं गेलं. त्याच भावाच्या लग्नाची बोलणी पोटजातीवरून मोडली, तीही ख्रिस्ती घरातली. पंथांवरून आमच्यात जी भांडणं होतात त्यांचा गवगवा फार होतो. माझ्या पाहण्यात, माणसं खरी दुरावतात ती या दुसऱ्या कारणानं, आणि त्यावर उपदेश क्वचितच ऐकायला मिळतो.

पप्पा शेवटची काही वर्षं आमच्याकडे वसईला राहायला आले. आई गेल्यावर नगरच्या घरात त्यांचं मन लागेना. ते आले तेव्हा मला धाकधूक होती ती संध्याकाळची. आमच्याकडे रोज संध्याकाळी पवित्र मारियेच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावून जपमाळेची प्रार्थना होते. पप्पा पहिले काही दिवस त्या वेळेला ओट्यावर जाऊन बसायचे. डास चावायचे, पण बसायचे. मग पावसाळा लागला आणि ओटा भिजला. ते आत आले, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले आणि आपलं बायबल उघडून वाचायला लागले. कुणी काही म्हटलं नाही.

एका संध्याकाळी माळ संपल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि सासूबाईंना म्हणाले, "विहीणबाई, तुमच्या 'नमो मरिया'चा पहिला अर्धा भाग लूकच्या पहिल्या अध्यायातला आहे. देवदूताचं बोलणं आणि अलिशिबेचं. म्हणजे अर्धं तर आमचंच आहे."

सासूबाई मेणबत्ती विझवत होत्या. मागे न बघता म्हणाल्या, "मग अर्धं म्हणा."

आणि खरंच, दुसऱ्या दिवसापासून पप्पा अर्धं म्हणायला लागले. देवदूताचं आणि अलिशिबेचं बोलणं मोठ्यानं, स्वच्छ मास्तरी उच्चारात, आणि मारियेला विनंती सुरू झाली की गप्प. एका माळेत 'नमो मरिया' पन्नासहून जास्त वेळा येतं. तेवढ्या वेळा ते बोलायचे आणि तेवढ्या वेळा थांबायचे. माझ्या मुलीला हसू आवरायचं नाही. पण त्या दोघा म्हाताऱ्यांनी ते इतक्या गंभीरपणे चालवलं की पुढे आम्हाला त्याची सवय झाली. पप्पा आजारी पडून दवाखान्यात होते तेव्हा माळ म्हणताना निम्म्यात एक आवाज कमी पडतो आहे, हे पहिल्यांदा सासूबाईंनीच बोलून दाखवलं.

माझं देवळात याच्या उलट होतं. प्रभूची प्रार्थना म्हणताना आम्ही प्रॉटेस्टंट शेवटी राज्य, पराक्रम आणि गौरवाची ओळ जोडतो. मिस्सामध्ये लोक त्याआधीच थांबतात, मग फादर एक छोटी प्रार्थना म्हणतात, आणि नंतर ती ओळ येते. सुरुवातीला सगळं देऊळ शांत झाल्यावर माझा एकटीचाच आवाज पुढे जायचा. पुढच्या बाकावरच्या बाया वळून बघायच्या. आता जीभ वळणावर आली आहे, तरी नगरहून परतल्यावर पहिल्या रविवारी हटकून घसरते.

दहा आज्ञांचं तर विचारूच नका. मुलगी धर्मशिक्षणाच्या वर्गाला जायला लागली. एकदा गृहपाठात तिनं 'पाचवी आज्ञा: खून करू नको' असं लिहिलं. पप्पांनी लाल पेन्सिलीनं पाचाचा सहा केला. दुसऱ्या दिवशी वर्गात सिस्टरांनी सहाचा पाच केला. मुलगी रडकुंडीला आली. शेवटी तिच्या बापानं दोन्ही बायबलं टेबलावर उघडून ठेवली आणि दाखवलं की मजकूर तोच, मोजणी वेगळी. मूर्तीबद्दलची आज्ञा प्रॉटेस्टंट वेगळी मोजतात, कॅथलिक पहिल्यात धरतात. मग दहा भरावेत म्हणून शेवटच्या लोभाच्या आज्ञेच्या दोन करतात. मुलीनं विचारलं, "मग परीक्षेत काय लिहू?" पप्पा म्हणाले, "परीक्षा ज्यांची, आकडा त्यांचा." हे पप्पांनी म्हणावं! नगरला असते तर त्यांनी सिस्टरांना पत्र लिहिलं असतं.

गमतीच्या गोष्टी संपल्या की एक जागा उरते, तिथे हसता येत नाही. मिस्सामध्ये लोक रांगेनं पवित्र भाकर घ्यायला जातात. मी बाकावर बसून राहते. कॅथलिक नियमाप्रमाणे मला ती घेता येत नाही. माझ्या मंडळीत बाहेरच्या मंडळीतून आलेल्या विश्वासणाऱ्याला प्रभुभोजन मोकळं आहे, पण माझ्या नवऱ्याला त्याच्या नियमानं ते घेता येत नाही. मग नगरला तो बसून राहतो. मुलगी लहान असताना रांगेतून वळून माझ्याकडे बघत पुढे जायची. तिनं एकदा फादरांना विचारलं, "मम्मी का येत नाही?" त्यांनी तिला थापा मारल्या नाहीत. म्हणाले, "आपल्या लोकांनी पूर्वी भांडून घर वेगळं केलं, ते अजून पूर्ण मिटलेलं नाही. मिटावं म्हणून मी रोज प्रार्थना करतो." मला ते उत्तर आवडलं. 'आपण सगळे एकच' असं गोड बोलून त्यांनी ते झाकलं असतं तर मी कदाचित देवळात जाणं सोडलं असतं. बाकावर बसून राहण्याचा त्रास मला आजही होतो. तो व्हायलाच हवा, असं माझं मत आहे.

भांडण मिटवायचे प्रयत्न झालेच नाहीत असं नाही. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला उत्तर भारतातल्या सहा मंडळ्या एकत्र आल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. आमची नगरची मंडळी त्यातच गेली. त्या सहा म्हणजे अँग्लिकन, काँग्रिगेशनल-प्रेस्बिटेरियन, बाप्टिस्ट, ब्रेदरन, डिसायपल्स आणि ब्रिटिश परंपरेतले मेथडिस्ट. अमेरिकन परंपरेतली मोठी मेथडिस्ट मंडळी मात्र ऐनवेळी बाहेर राहिली. पप्पा तेव्हा तरुण होते. ते सांगायचे की वर्षानुवर्षं सगळ्यात जास्त चर्चा झाली ती बाप्तिस्म्यावर: बाळाचा करायचा की जाणत्याचा? शेवटी दोन्ही मान्य झाले. ज्याला बाळाचा करायचा त्यानं करावा, ज्याला मूल जाणतं होईपर्यंत थांबायचं त्यानं थांबावं. जगात अशी तडजोड फार थोड्या ठिकाणी झाली आहे, आणि ती आपल्याकडे झाली, याचा पप्पांना अभिमान होता. नगरला एकेकाळी अमेरिकन मिशनवाले आणि अँग्लिकन एस. पी. जी. मिशनवाले एकमेकांची माणसं पळवतात म्हणून भांडायचे. १९७० नंतर कागदावर ते एक झाले. कोणता माणूस मूळ कुठल्या मिशनचा हे मात्र आमच्या आळीत अजून सगळ्यांना माहीत असतं, आणि कमिटीच्या निवडणुकीला त्याचा हिशोब होतो.

पप्पा जुलैत गेले, रात्री. बाहेर धो धो पाऊस. भावाला फोन केला, तो नगरहून निघाला. पप्पांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "जिथे मरेन तिथे पुरा. मेलेल्या माणसाला घाटातून फिरवू नका." पण पुरायचं कुठे? आमच्या प्रॉटेस्टंट मंडळीची दफनभूमी गावात नाही. गावात आहे ती देवळाची, कॅथलिकांची. सकाळी उजाडताच नवरा आणि मी फादरांकडे गेलो. मी सगळं उत्तर-प्रत्युत्तर मनात जुळवून गेले होते. त्यांनी ऐकून घेतलं, बिशपांच्या ऑफिसला फोन लावला, दोन मिनिटं बोलले आणि म्हणाले, "बाप्तिस्मा झालेला माणूस, आपल्या गावात राहत होता. जागा आहे. तुमच्या पाळकांना बोलवा, विधी ते करतील. गायनमंडळ आमचं येईल."

पुढचं काम गावानं हातात घेतलं. जुलैत वसईला कबर खणणं म्हणजे विहीर खणण्यासारखंच. हातभर खाली गेलं की पाणी. पोरांनी खणलं, पाणी भरलं. बादल्यांनी उपसलं, पुन्हा भरलं. शेवटी वाडीतला पाण्याचा पंप आणून लावला. ज्यांचा पंप होता ते शेजारी भंडारी, हिंदू. पंप सुरू ठेवायला स्वतः छत्री धरून उभे राहिले. आमचे पाळकसाहेब मुंबईकडून लोकलनं आले, पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली. नगरची मंडळी दुपारी पोचली. त्यांच्यापैकी निम्म्यांनी आयुष्यात कॅथलिक देवळात पाऊल टाकलं नव्हतं. मारियेच्या पुतळ्यापाशी आल्यावर एक काका थबकले, मग मान खाली घालून पुढे गेले.

कबरेपाशी टिळकांचं एक पद म्हणायचं ठरलं. ते दोन्हीकडे येतं, पण चाल निराळी. आमची भजनी, त्यांची संथ, चार आवाजांत बसवलेली. पहिलं कडवं दोन्ही चालींत एकदम सुरू झालं आणि जे व्हायचं ते झालं. दुसऱ्यालाही तेच. मग गायनमंडळाच्या मास्तरांनी हात वर करून आपल्या लोकांना थांबवलं आणि माझ्या भावाला खूण केली. पुढचं सगळं नगरच्या चालीत झालं. त्यांच्या बायकांनी तिसऱ्या-चौथ्या ओळीला ती उचललीसुद्धा. पंप बंद केला होता, तेवढ्या वेळात कबरेत पुन्हा वीतभर पाणी आलं.

आठ दिवस घरात चूल पेटवू दिली नाही. पाळीपाळीनं डबे आले. सासूबाईंनी त्या दिवसांत माळ म्हणताना 'नमो मरिया'च्या मध्यावर किंचित थांबायची सवय लावून घेतली. ती शेवटपर्यंत राहिली.

हे सगळं इतकं नीट झालं म्हणून नंतर जे पाहिलं ते जास्त झोंबलं. माझी आत्या नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहायची. म्हातारपणी मोठं आजारपण झालं, त्यातून उठली ती एका नव्या प्रार्थनामंडळात जायला लागली. तिथे तिचा पुन्हा बाप्तिस्मा झाला, पाण्यात पूर्ण बुडवून. जुन्या मंडळीला ते 'मेलेली मंडळी' म्हणायचे, आणि तीही तसं बोलायला लागली होती. ती वारली तेव्हा नव्या मंडळाकडे दफनभूमी नव्हती. भाड्याच्या हॉलात उपासना करणाऱ्यांकडे कुठून असणार? जुन्या मंडळीच्या कमिटीनं वही काढली. नाव कमी केलेलं. वर्गणी कित्येक वर्षांची थकलेली. तिथे पुरलेली तिची आई, तिचा नवरा, एक मूल, हे सगळ्यांना माहीत होतं. तरी वही उघडीच राहिली. प्रेत घरात, मे महिना, आणि अंगणात नियमावर चर्चा.

कमिटीची बाजूही मी ऐकली. भिंत बांधायची, राखणदार ठेवायचा, जागेवर अतिक्रमण होऊ नये म्हणून कोर्टात जायचं. हे सगळं वर्गणीतून. जो वर्षानुवर्षं शिव्या देतो त्याला शेवटी जागा का द्यायची? नव्या मंडळाचे पास्टरही काही कमी नव्हते. ते म्हणाले, "देह काय, मातीच." पण ती माती टाकायची कुठे हे त्यांना सांगता येईना. शेवटी तिसऱ्याच एका पंथाच्या लोकांनी त्यांच्या आवारात जागा दिली. आत्या नवऱ्यापासून दीड मैलावर एकटी आहे.

शहरांत जागेची टंचाई आहे. वसईतही कबरी काही वर्षांनी पुन्हा वापरात घेतात. नालासोपारा-विरारला नवीन इमारतींत झारखंडचे, केरळचे, तामिळनाडूचे ख्रिस्ती राहायला आले आहेत. त्यांच्यात कॅथलिक आहेत, सीरियन आहेत, पेन्टेकोस्टल आहेत, आणि बहुतेकांचं नाव इथल्या कुठल्याच वहीत नाही. त्यांच्यातला कुणी गेला की नेमका आमच्यासारखा प्रश्न उभा राहतो, फक्त त्यांना गावचे फादर ओळखत नसतात.

दरवर्षी १८ ते २५ जानेवारी हा ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थनेचा आठवडा असतो. आमच्याकडेही संयुक्त उपासना होते. पाळक देवळात येतात, फादर मंडळीत जातात, सगळे मिळून गातात, चहा आणि केक होतो. मी दरवर्षी जाते, मला ते आवडतंही. पण वाचकांत कुठल्या मंडळीच्या कमिटीवरचं, पंचांतलं, धर्मग्रामाच्या परिषदेतलं कुणी असेल तर एक विनंती आहे. येत्या जानेवारीत त्या चहाच्या वेळी आपापल्या दफनभूमीची नियमावली बरोबर आणा. दुसऱ्या मंडळीतला माणूस, वर्गणी थकलेला माणूस, मंडळी सोडून गेलेला माणूस, परगावचा माणूस, यांच्याबद्दल त्यात काय लिहिलं आहे ते मोठ्यानं वाचा. काहीच लिहिलेलं नसेल तर तिथेच लिहून काढा आणि सगळ्यांच्या सह्या घ्या. प्रेत अंगणात असताना ते काम नीट होत नाही.